गाडीतला डॉक्टर

बिलोलीत अपघात झाला की सगळ्यांत आधी पोचते ती गर्दी. तिला फोन करावा लागत नाही, डिझेल लागत नाही आणि तिचा वेग जगातल्या कुठल्याही रुग्णवाहिकेला गाठता यायचा नाही. एक जण बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततो. दुसरा कांदा फोडून नाकाला लावतो. तिसरा 'उचला, उचला' म्हणतो, चौथा 'हात लावू नका, पोलीस केस हाय' म्हणतो आणि उरलेले मोबाईल उंच धरतात. मदत करणाऱ्याला कोर्टकचेरीत ओढायचं नाही, म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४ अ घातलंय. पण चौथ्यानं ते वाचलेलं नसतं आणि वाचलं तरी तो म्हणायचं ते म्हणणारच. या सगळ्यांची कोपरं बाजूला सारून जखमीपर्यंत पोचायचं आणि पोचल्यावर स्वतःचं डोकं ठिकाणावर ठेवायचं, हे काम ज्याला करायचं असतं त्याला कसं घडवतात, ते आमच्या भाच्यानं मला घरबसल्या दाखवलं.

भाचा बीएएमएस. साडेचार वर्षांचा अभ्यास, वर एक वर्षाची इंटर्नशिप आणि त्याच्याही वर आमच्या ताईचे नवस. दाजींनी बस स्टँडसमोर गाळा बघून ठेवला होता. बोर्ड कोणत्या रंगाचा, इथपर्यंत गोष्ट आली होती. आणि हा एके दिवशी जेवताना म्हणाला, "मी पुण्याला इमर्जन्सीचा डिप्लोमा करणार. मग एकशेआठवर जाणार."

दाजींचा घास हातातच राहिला. "म्हणजे गाडीवर?"

"गाडीवर नाही, गाडीत."

हा फरक दाजींना आजवर पटलेला नाही.

परदेशात या कामाच्या रीतसर पायऱ्या आहेत. आयर्लंडमध्ये आधी इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, मग पॅरामेडिक, मग ॲडव्हान्स्ड पॅरामेडिक. त्या सर्वांत वरच्या पायरीवरचा माणूस शिरेत सुई घालतो, श्वासनलिकेत नळी घालतो, हृदयाला झटका देतो. तो डॉक्टर नसतो आणि त्यावाचून कुणाचं अडत नाही. आपल्याकडं जानेवारी २०१४ मध्ये १०८ सुरू झाली. गाड्या ९३७. त्यांतल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर असलेल्या. बाकी ७०४ बेसिक. पण गाडीत बसवले ते पॅरामेडिक नव्हे, डॉक्टर. बहुतेक बीएएमएस, बीएचएमएस नाहीतर बीयूएमएस. माझं मत विचाराल तर सरकारनं आपला स्वभाव बरोबर ओळखला. ज्याच्या नावाआधी 'डॉ.' नाही त्याला आपण नाडी धरू देत नाही, आणि ज्याच्या नावाआधी आहे त्याला 'मोठ्या डॉक्टरला दाखवू' म्हणतो. तेव्हा काम ॲडव्हान्स्ड पॅरामेडिकचं, पाटी डॉक्टरची, अशी ही तडजोड. आमच्याकडं लोकांनी ॲडव्हान्स्ड आणि बेसिकचंही सोपं करून टाकलंय : 'मशीनवाली एकशेआठ' आणि 'बिगरमशीनची'.

पुण्यात त्याला पहिल्या दिवसापासून एकच मंत्र. पेशंटला हात लावायच्या आधी हातमोजे घालायचे, चारी बाजूंना बघायचं आणि मोठ्यांदा म्हणायचं, "सीन सेफ आहे." परीक्षेत हे तोंडानं म्हणावंच लागतं. मनात म्हणालात तर परीक्षकाला ऐकू येत नाही आणि मार्क जातात. मग पुढच्या टेबलावरची कसरत कितीही झकास करा. याचा परिणाम असा झाला की सुट्टीत घरी आलेला भाचा न्हाणीत जाताना, लग्नाच्या पंगतीत बसताना, एवढंच काय, ताईची म्हैस दारात उभी असताना 'सीन सेफ' म्हणू लागला. म्हशीच्या बाबतीत ते खरंही नव्हतं.

घरातल्या प्रत्येकाचा त्यानं सरावासाठी उपयोग करून घेतला. ताईच्या बोटाला ऑक्सिमीटर लागला. आजीचं बीपी दिवसातून इतक्या वेळा मोजलं, की मोजण्यानंच ते वाढलं. दाजींच्या वाट्याला मानेचा पट्टा आला. हनुवटीपासून खांद्यापर्यंत बोटांनी माप घ्यायचं, पट्टा मागून सरकवायचा आणि तोवर दुसऱ्यानं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं. दुसरा म्हणजे मी. पट्टा लागला तसा भाच्याला मित्राचा फोन आला, तो बोलत बोलत अंगणात गेला. दाजी थोडा वेळ थांबले, मग कंटाळून तसेच ओट्यावर जाऊन बसले. मान वळत नसल्यामुळं येणाऱ्याजाणाऱ्याकडं ते अख्खे वळून बघत. संध्याकाळपर्यंत गावात दोन बातम्या पसरल्या. एक, दाजी मोटारसायकलवरून पडले. दोन, पडले नाहीत, जमिनीच्या वादात भावकीनं मारलं. दुसऱ्या बातमीवर जास्त लोकांचा विश्वास बसला आणि भावकीतला एक जण खरंच रात्री येऊन शपथ घेऊन गेला, की 'माझा हात नाही'.

छाती दाबायचा सराव मात्र माणसावर करता येत नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, तीस दाब आणि दोन श्वास. जिवंत माणसावर केलं तर बरगडी मोडते. त्यासाठी पुतळा असतो. १९६० साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी छाती न उघडता हृदय चालू ठेवायची ही रीत प्रसिद्ध केली आणि त्याच साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्यानं सरावासाठी मऊ प्लॅस्टिकची बाहुली काढली. बाहुलीला त्यानं तोंडवळा दिला तो एका तरुण मुलीच्या मुखवट्याचा; ती पॅरिसच्या नदीत बुडून मेलेली अनोळखी मुलगी, अशी त्या मुखवट्याची गोष्ट सांगतात. जगभरच्या मुलांनी तिला वाचवून वाचवून डिप्लोमे मिळवले. भाच्याचं म्हणणं, बाहुलीची एकच अडचण : तिच्या गळ्यात काही नसतं.

बिलोली तालुक्यातल्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र, पोत, बोरमाळ आणि एखादा ताईत असतो. बाप्याच्या अंगात सदरा, सदऱ्याच्या आत बंडी, बंडीला आतून चोरखिसा, खिशात तंबाखूची पिशवी आणि पैसे, कमरेला करदोडा. डिफिब्रिलेटरचे पॅड लावायचे तर छाती उघडी आणि कोरडी हवी, धातू बाजूला हवा. पुण्यात हे वाक्य लिहून घ्यायला अर्धं मिनिट लागतं. इथं भर रस्त्यात, भोवती चाळीस माणसं, आणि खाली कुणाची तरी सून. भाचा सांगतो, पहिल्यांदा असं झालं तेव्हा कात्री हातात धरून तो क्षणभर थिजलाच. गर्दीतल्या चार-पाच बायका एकमेकींकडं न बघता पुढं झाल्या, पेशंटकडं पाठ करून गोल उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर पसरले. बाप्यांना त्यांनी जे शब्द ऐकवले ते इथं छापता यायचे नाहीत. त्या दिवशी सीन खरा सेफ झाला. हे पुण्याच्या पुस्तकात कुठल्या प्रकरणात घालायचं, ते त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

बंडीची गोष्ट निराळी. बाजाराच्या दिवशी एक म्हातारा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला. बेशुद्धीची खोली मोजायला ग्लासगो स्केल वापरतात. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघांनी ती १९७४ मध्ये केली. डोळ्यांचे चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा, एकूण पंधरा. आणि काहीच जमलं नाही तरी तीन मार्क मिळतातच, हे तिचं मोठेपण. आमच्या वेळच्या गणिताच्या मास्तरांना ही पद्धत कुणी दाखवायला हवी होती. तर भाच्यानं म्हाताऱ्याच्या भुवईवर अंगठा दाबला. डोळे मिटलेलेच. तोंडातून शब्द नाही. दुखऱ्या जागी हात नेला तर पाच मार्क. म्हाताऱ्यानं नेला नाही. मग छाती तपासायला भाच्यानं कात्री काढून बंडीला लावली, आणि म्हाताऱ्याचा हात सटकन चोरखिशावर आला.

"कापू नका. पैशे हायेत."

नियमाप्रमाणं भाच्यानं प्रश्न विचारले. तुम्ही आत्ता कुठं आहात? "तुमच्या हातात." महिना कोणता? "मिरग सरूलालाय की." किती वाजले? "घड्याळ तुमच्या मनगटाला हाय, मला काय इचारूलालाव?" इंग्रजी महिना सांगता आला नाही तर पेशंट गोंधळलेला, बोलण्याचा एक मार्क कमी. भाचा पेन धरून विचार करत बसला. पायलट मागून म्हणाला, "पुरे पाच द्या साहेब. मिरग खरंच सरूलालाय."

पायलट म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. १०८ वर त्याला पायलटच म्हणतात आणि खरं सांगायचं तर भाच्याचं पुढचं शिक्षण त्याच्याच हाताखाली झालं. डिप्लोमा पुण्याचा, पण तालुका पायलटच्या डोक्यात. फोनही पुण्यालाच लागतो, औंधच्या केंद्रात. इकडून फोन करणारा सांगतो, "अर्जापूरच्या पुढं या, मागल्या साली ऊस पेटला होता बघा, त्याच्या अलीकडं." तिकडची मुलगी शांतपणे तालुका, गाव, जवळची खूण विचारते. हा पुन्हा ऊसच सांगतो. तो निरोप गाडीपर्यंत पोचल्यावर पुण्याला न कळलेला ऊस पायलटला बरोबर कळतो, कारण त्या आगीच्या वेळी हा तिथं बघायला गेलेला असतो. येसगीच्या पुलाकडं आणखी गंमत. मांजरेच्या पलीकडं तेलंगण. तिकडचा टॉवर जोर करून बसला की फोन थेट हैदराबादेकडं जातो आणि समोरून तेलुगू सुरू होतं, असं लोक सांगतात. बिलोलीच्या माणसाला त्यात काही जड नाही. तो तेलुगूतही ऊसच सांगतो. तिकडची १०८ २००५ च्या स्वातंत्र्यदिनी हैदराबादेत सुरू झाली. आमच्याकडं ती यायला जवळजवळ साडेआठ वर्षं लागली. एकेकाळी निजामाच्या राज्यात आम्ही एकाच ताटात होतो, हे पुलावरची म्हातारी माणसं अशा वेळी हटकून काढतात.

आता सापाचं सांगतो, कारण पावसाळ्यात तो विषय टाळता येत नाही. भाच्यानं बीएएमएसला सुश्रुत वाचला होता. कल्पस्थानात सुश्रुतानं लिहिलंय, हातापायाला साप चावला तर दंशाच्या चार बोटं वर बांधावं. अरिष्टाबंधन. परीक्षेला यायचं म्हणून भाच्यानं ते घोकलं, लिहिलं आणि पास झाला. मग पुण्यात पहिल्याच तासाला सांगितलं, साप चावला तर काहीही घट्ट बांधू नका. रक्त थांबतं, अवयव काळा पडतो, सोडल्यावर विष एकदम चढतं. इथं बांधलं तर नापास. दोन्ही परीक्षांत चांगले मार्क मिळवलेला हा माणूस कुंडलवाडीकडच्या एका शेतात पोचला तेव्हा पेशंटच्या पायाला खालून सुतळी, मध्ये बायकोच्या लुगड्याची चिंधी आणि वर देवाचा गंडा. तीन शास्त्रं एकावर एक. सुतळी हळूहळू सोडता येते, चिंधी निघते. गंडा सोडायला घरचे तयार होईनात. शेवटी पायलटनं तो न सोडता पायावरून सरकवून मनगटात घातला. देवही खूश, पायही मोकळा. असलं काही पुण्याच्या अभ्यासक्रमात नाही, आणि ग्लासगोच्या तर नाहीच नाही.

पण त्या दिवशी खरा पेच पुढंच होता. पेशंटचा मेहुणा प्लॅस्टिकची बरणी घेऊन गाडीत चढला. बरणीत साप. जिवंत. "डॉक्टरला दाखवायला आणला." झाकणाला खिळ्यानं नीट भोकं पाडलेली, सापाला गुदमरू नये म्हणून. इकडं माणसाचा श्वास जड झालाय आणि तिकडं सापाच्या हवेची सोय आधी झालेली. भाच्यानं समजावलं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही सापांच्या विषावर आपल्याकडं एकच लस देतात, साप आणायची गरज नाही, फोटोही पुरतो. मेहुणा म्हणाला, "फोटू हालूलालाय." पायलटनं चावी काढून खिशात टाकली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. भाच्याच्या सगळ्या शिक्षणात 'सीन सेफ नाही' हे वाक्य अर्थासकट उच्चारायची ती पहिली वेळ. बरणी बांधावर ठेवली गेली. मेहुणा तिच्याजवळ पहाऱ्याला बसला आणि गाडी निघाली.

विंचवाचं त्यामानानं बरं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात महाडकडं नोकरीला गेले आणि तिथं लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनच्या गोळ्या लागू पडतात हे त्यांनी दाखवून दिलं. लॅन्सेटनं ते छापलं. मराठवाड्याचा माणूस म्हणून भाचा हे पेशंटच्या नातेवाइकांना अभिमानानं सांगतो. नातेवाईक ऐकून घेतात आणि विचारतात, "मग ते डॉक्टर कुठं बसतात? त्यांच्याकडंच नेऊ."

नातेवाईक हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय. बिलोलीहून नांदेडच्या सरकारी दवाखान्यापर्यंत नरसी, नायगाव करत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास जायचं. पेशंटसोबत एक किंवा दोन माणसं बसावीत, हा नियम. येतात सात. बोचकं, चटई, पाण्याचा कॅन, भाकरीचं गाठोडं. त्यातला एक कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो. पेशंटचा कोण, असं विचारलं तर सगळे एकमेकांकडं बघतात. मग तोच हळूच सांगतो, "कोर्टात तारीख हाय नांदेडात. गाडी चाल्लीच हाय म्हणलं." १०८ फुकट असते, ही गोष्ट गावात ज्यांना सर्वांत चांगली समजलीय ते आजारी नसतात.

या सगळ्या काळात ताई त्याच्यासाठी स्थळं बघत होती. मुलीकडचे येत, पोहे खात, पदवी ऐकून खूश होत आणि मग विचारत, "दवाखाना कुठं हाय?"

"गाडीत."

"गाडी सोताची?"

"सरकारी."

"मग डॉक्टर ड्रायव्हरच्या बाजूला बसतो का?"

"नाही, मागं. पेशंटजवळ."

इथं पाहुण्यांचा चेहरा पडे. एका मुलीच्या बापानं तर निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, की पायलटचं लग्न झालंय का. पायलटला पगार आहे, हुद्दा आहे, शिवाय तो पुढं बसतो.

पण त्या पायलटची खरी पत मला कळली ती एका बाळंतपणात. सगरोळीकडची बाई, दुसरी खेप, सोबत सासू आणि आशाताई. नरसीच्या अलीकडं कळा वाढल्या. भाच्यानं गाडी बाजूला घ्यायला सांगितली; पायलट म्हणाला, पुढं थोडं गेलो की रस्ता सपाट हाय, तिथं घेतो. तेवढ्यात मूल आलं. भाच्यानं ते झेललं, पुसलं, नाळेला चिमटे लावले. आशाताई सगळं वेळेवर हातात देत होती. सासू मात्र 'आमच्या वेळी इळ्यानं कापायचे' म्हणत शेवटपर्यंत त्या चिमट्यांकडं संशयानं बघत होती. मुलगी झाली, रडली, गुलाबी झाली. अपगार स्कोअर नऊ. दहा कुणाला क्वचितच मिळतात. बाळांची परीक्षाही तशी कडकच.

नांदेडला पोचल्यावर जन्माच्या नोंदीचा प्रश्न आला. यासाठी जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांतच तरतूद आहे : चालत्या वाहनात मूल जन्मलं तर त्याची खबर वाहनाचा ताबा ज्याच्याकडं असेल त्यानं, वाहन पहिल्यांदा जिथं थांबेल तिथं द्यायची. भाच्यानं मला हे फोनवर वाचून दाखवलं. मी म्हणालो, सरळ आहे, गाडीतला अधिकारी तू, ताबा तुझा. पलीकडून पायलटचा आवाज आला, "ताबा माझा. स्टेअरिंग कुणाच्या हातात होतं?" मग थांबा कुठला, यावर वाद. भाच्याच्या मते गाडी पहिल्यांदा थांबली नायगावात, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला. पायलटच्या मते त्याआधी नरसीच्या चौकात, शेळ्या आडव्या आल्या म्हणून. सासूचं म्हणणं, नात सगरोळीची आहे, मधल्या कुठल्या गावाचं नाव लावायचं नाही. भाच्यानं विचारलं, शेळ्यांसाठी थांबणं हा कायद्यानं थांबा होतो का? कोर्टाची तारीख असलेला तो कोपऱ्यातला माणूस नेमका त्याही दिवशी गाडीत होता. तो म्हणाला, होतो. इंजिन बंद केलं असेल तर.

पायलटनं खिशातून पेन काढलं. "डॉक्टर, तुम्ही नुसता टाइम सांगा. जागा मी सांगतो."